माघ महिन्याचा पडताळा

जालना
नागपंचमी, सोमवार, १६ ऑगस्ट १९९९

चि. गिरिधर यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. अण्णा ठीक आहेत. पाऊस बेताचाच आहे. काल भावाचा उपास केला, पण रागारागात केला. त्याचं पुण्य तुला कितपत लागलं असेल ते तूच हिशेब करून बघ.

तू पाठवलेल्या कॉम्प्युटरबद्दल आणि त्यातल्या त्या गणिताच्या लायब्ररीबद्दल लिहायला बसले आहे. फोनवर बोलले असते, पण बूथवर मागे माणसं उभी असतात आणि मला जे बोलायचं आहे ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही.

"ताई, नुसतं मेक लिहून एंटर दाब, सगळं आपोआप कंपाइल होऊन लिंक होईल." हे तुझे शब्द. आपोआप! या घरात आजवर आपोआप फक्त दूध उतू गेलं आहे. तुझ्या लायब्ररीचे सगळे तुकडे एकेक करून यंत्राच्या भाषेत उतरले, तिथपर्यंत तक्रार नाही. मग ते तुकडे आपल्या घरच्या पंचांगाच्या प्रोग्रामला जोडायची वेळ आली आणि पडदाभर ओळी धावायला लागल्या. अमुक सापडत नाही, तमुक सापडत नाही. काय सापडत नव्हतं माहीत आहे? साइन. कोसाइन. वर्गमूळ. अरे, गणिताची लायब्ररी आणि तिला साइन माहीत नाही? माझ्या दहावीच्या वर्गात असा मुलगा निघाला असता तर मी त्याला कान धरून नववीत नेऊन बसवलं असतं.

तुला फोन केला तर तू मीटिंगमध्ये. पुन्हा केला तर पुन्हा मीटिंगमध्ये. शेवटी सापडलास तेव्हा म्हणालास, "अगं, मायनस एल एम टाकलं नाहीस का?" जसं काही मी आमटीत मीठ टाकायला विसरले. साइन-कोसाइन निराळ्या लायब्ररीत असतात आणि ती मागून घ्यावी लागते, हे तू सांगितल्याशिवाय मला कळणार कुठून? बरं, टाकलं. साइन सापडलं. आता तुझीच लायब्ररी सापडेना! समोर ठेवलेली, नाव बराबर लिहिलेलं, तरी हा तुकडे जोडणारा लिंकर म्हणतो की तिच्यातलं काही मिळालं नाही. आठवडा गेला त्यात. मग माझं मलाच उमगलं. हा बाबा डावीकडून उजवीकडे वाचत जातो. वाटेत लायब्ररी आली आणि तोवर कुणी तिच्याकडे काही मागितलेलं नसेल, तर काही न घेताच पुढे निघून जातो. म्हणून मागणारा आधी लिहायचा, देणारा नंतर. मी उलटं लिहिलं होतं. हे एका ओळीत लिहून पाठवायला तुला काय झालं होतं?

पुढचं ऐक. तुझ्या एका फाइलमध्ये जालन्याचे रेखांश चुकीचे होते. ते मी दुरुस्त केले, पुन्हा मेक दिलं, तर ते म्हणतं सगळं अद्ययावत आहे, करण्यासारखं काही नाही. पुन्हा दुरुस्त केलं, पुन्हा तेच. मला वाटलं मलाच वेड लागलं. शेवटी स्टेशन रोडवर कॉम्प्युटर क्लास चालवतो तो वसंता आला, डबा उघडला आणि हसायलाच लागला. "ताई, याची बॅटरी गेल्ती कव्हाची. लाइट गेली की हे पार एकोणीसशे ऐंशीत जाऊन बसून राह्यलं." मेक म्हणे तारखा बघतं. माझी दुरुस्ती ऐंशी सालची, जुना तुकडा नव्व्याण्णवचा. म्हणजे जुनाच ताजा ठरला. पंचांग करायला बसवलेल्या यंत्राला आजची तारीख ठाऊक नाही! अण्णांना सांगितलं तर ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

नवी बॅटरी बसवली आणि शुक्रवारी सगळं जोडलं गेलं. एकही तक्रार नाही. मी पेढे आणायच्या बेतात होते.

आणि मग पडताळा. आपल्या घरचा पडताळा तुला सांगायला नको, पण बंगलोरच्या पाण्याने विसरला असशील. अण्णा आणि अप्पारावकाका पाठीला पाठ लावून बसायचे, दोघांच्या हातात दोन पाट्या. तीच तिथी दोघांनी काढायची आणि उत्तर एकदम बोलायचं. काका गेले, तेव्हापासून अण्णांच्या पाठीमागे कुणी नव्हतं. ती जागा तुझ्या यंत्राने घ्यायची, असं ठरलं ना? चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी संपते. तो क्षण शोधायचा, एवढंच तर काम. पुढच्या वर्षीच्या चैत्राच्या तिथी अण्णांनी पाटीवर काढल्या, मी यंत्रावर. काही जुळल्या. काही अर्ध्या तासाने हुकल्या. एक तर पार दुसऱ्या दिवशी जाऊन पडली.

म्हणजे तुझी लायब्ररी चुकते आहे. पोरवयापासून अण्णा हे गणित करत आले, आणि ही तुझी लायब्ररी कालची पोर. आणि तू फोनवर मला काय विचारतोस, "अण्णांनी पाटीवर काढलेलं तू स्वतः बघितलंस का?" हा काय प्रश्न झाला? अण्णा पाटीवर काढतात, उत्तर कागदावर उतरवतात, पाटी पुसतात. पहिल्यापासून. त्यात बघायचं काय?

छापखान्याच्या मालकांचं, काकासाहेबांचं, माणूस दोनदा येऊन गेलं, परवा ते स्वतःच आले. "ताई, चैत्राच्या पानांचा फर्मा कव्हा देऊन राह्यले? दसऱ्यापस्तोर न्हाई आला तर म्या मशीन दुसऱ्या कामाला लावतो बघा." इथून बदनापूर, भोकरदन, परतूरपर्यंत लोक आपल्या पंचांगावर लग्नं धरतात. चुकलेलं छापण्यापेक्षा न छापलेलं परवडलं. तेव्हा मीटिंगमधून वेळ काढ आणि धड चालणारी लायब्ररी पाठव.

अण्णांचे आशीर्वाद.

तुझी,
ताई


जालना
शनिवार, २८ ऑगस्ट १९९९
(तिथी मुद्दाम लिहिलेली नाही.)

चि. गिरिधर,

आशीर्वाद. राखी पोचली असेल. तुझी फ्लॉपी पोचली. "सिंगल प्रिसिजनमुळे दशांश तुटत असतील, ही डबलवाली लाव," हा तुझा निरोपही मिळाला.

लावली. सगळे तुकडे नव्याने कंपाइल केले, ओळ बराबर लिहिली, तारीख तपासून घेतली. पहिल्या झटक्यात लिंक झालं. आता मी यात वसंतालाही शिकवीन इतकी तयार झाले आहे. उत्तरं काढली. मिनिटाला मिनिट जुनीच उत्तरं. म्हणून मी तिथीचा क्षण शोधणारा तुझा तुकडा काढूनच टाकला आणि त्या जागी साधी, अर्धं-अर्धं करत जाणारी रीत स्वतः लिहिली. तरी तीच उत्तरं. तीन वेगळ्या वाटांनी जाऊन माणूस त्याच गावात पोचत असेल तर गाव तिथेच आहे, हे मी वर्गात पोरांना सांगते. पण मला ते दिसेना. मी चौथी वाट शोधत बसले होते.

मग बुधवारी रखमाजी आले. भोकरदनकडचे, दरवर्षी पंचांग न्यायला स्वतः येतात ते. त्यांच्या कौसल्याची सोयरीक झाली, लग्न येत्या माघात धरलं आहे. आपल्या छापील पंचांगातलीच तारीख. हॉल सांगितला, आचारी सांगितला. मुलाकडच्या भटजींनी काही शंका काढली म्हणून मंगळवारी रखमाजी अण्णांना विचारून गेले होते, आणि बुधवारी पुन्हा दारात. मी शाळेतून आले तेव्हा ते ओट्यावर टोपी मांडीवर ठेवून बसलेले.

"ताई, रागावू नका. म्या अडाणी मानूस. पंचांगात येक दिवस हाय. काल अण्णांनी पाटी मांडून दुसरा सांगितला. आज मंग पुन्हा इचारलं तर तिसराच सांगून राह्यले. म्हनलं माझंच ध्यान नसंल. पन तीनदा ध्यान नसंल का मानसाचं?"

आत अण्णा चौथ्यांदा काढत होते. मी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. त्यांना चाहूल लागली नाही. बेरीज करताना त्यांनी हातचा वर कोपऱ्यात लिहिला, नेहमीसारखा. मग अंगठ्याने तो पुसला आणि न मिळवताच पुढे गेले. पुढच्या ओळीत एक आकडा दोनदा उचलला. अक्षर तेच, मोत्यासारखं. चेहऱ्यावर तीच शांती. उत्तर काढून त्यांनी पाटी पुसली आणि मला म्हणाले, "रखमाजींना सांग, निश्चिंत राहा म्हणावं."

मी लायब्ररीत चूक शोधत होते, गिरिधर. चूक तिथे नव्हतीच. यंत्र चुकलं तर दर वेळी एकच चूक करतं. रोज नवी चूक माणूसच करतो.

आणि त्याच मिनिटाला मला गेली दिवाळी आठवली. पाडव्याला तू हौसेने अण्णांच्या पाठीला पाठ लावून बसलास. उत्तर जुळलं नाही. दुसरी तिथी घेतली, तीही जुळली नाही. तू हसून उठलास आणि म्हणालास, "माझंच चुकलं, अण्णा, सवय मोडली." बोर्डात गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा तू! सवय मोडली! आणि नंतर स्वयंपाकघरात येऊन मला विचारलंस, "ताई, यांच्यासाठी एखादा कॉम्प्युटर पाठवू का?"

तुला माहीत होतं.

तुला तेव्हाच माहीत होतं, आणि तू मला सांगितलं नाहीस. मला एक डबा पाठवलास. मी इथे मायनस एल एम कुठे लिहायचं म्हणून डोकं फोडत होते, आणि तू तिकडे बसून वाट बघत होतास की ताईला कधी ना कधी कळेल. कधी कळणार होतं? यंत्र जोडलं गेल्यावर? म्हणजे तुझ्या मनात होतं की मी गुपचूप यंत्राचं उत्तर छापावं, अण्णा पाटी घासत बसतील आणि कुणाला काही बोलावं लागणार नाही. किती सोयीचं! आपल्या घरात शेजारची मांजर मेली तरी चार दिवस चर्चा होते, आणि बापाचं गणित गेलं हे तू गिळून बसलास.

तू म्हणशील, मी घरात राहते, मला दिसलं नाही, त्याचा राग तुझ्यावर काढते आहे. म्हण. तेही खरं आहे. पण मी पाठीला पाठ लावून बसले नव्हते. तू बसला होतास.

मी आणखी एक केलं. या वर्षीचं छापलेलं पंचांग यंत्रावर ताडून बघितलं. मार्गशीर्षापर्यंत अक्षर न् अक्षर खरं. पौषात एक तिथी चुकली आहे. माघात आणि फाल्गुनात बऱ्याच. हे महिने अण्णा दिवाळीच्या सुमारास काढत होते, शेवटचा फर्मा तेव्हा छापखान्यात गेलाही नव्हता. तू पाटावरून उठताना खरं बोलला असतास तर तो फर्मा थांबला असता. रखमाजींची कौसल्या ज्या दिवशी बोहल्यावर उभी राहणार, तो दिवस आपण चुकीचा छापला आहे. तिच्यासारख्या आणखी किती असतील कोण जाणे.

रखमाजींना मी थांबायला सांगितलं आहे. नक्की दिवस मी स्वतः कळवीन म्हटलं. त्यांनी का, म्हणून विचारलं नाही. जाताना ओसरीवरून अण्णांच्या पाया पडले तेवढे.

अण्णांना कसं सांगू ते मला कळत नाही. पण सांगणार आहे. तुझ्यासारखं हसून उठणार नाही.

तारा


जालना
पोळा, गुरुवार, ९ सप्टेंबर १९९९

गिरिधर,

तुझं पत्र नाही. फोन मात्र आला, तो वसंताच्या क्लासवर. "सिस्टीम नीट चालतेय ना, एवढं ताईला विचार." तो बिचारा सायकल मारत सांगायला आला. सिस्टीम नीट चालते आहे.

सोमवारी सकाळी पूजा आटोपल्यावर मी अण्णांना म्हणाले, आज पडताळ्याला मी बसते. त्यांना आनंद झाला. माघातली तीच तिथी घेतली. उत्तर जुळलं नाही. "पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा काढलं. नाही जुळलं. मग मी बोलले. अण्णा, यंत्रावर तीन तऱ्हांनी काढलं, हातानेही काढलं, माझं हेच येतं. तुमचं दर वेळी निराळं येतं आहे.

 त्यांनी पाटी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "मी सांगतो, तू लिही." डोळे मिटून एकेक पायरी सांगत गेले. रीत सगळी मुखोद्गत, एक पाऊल इकडेतिकडे नाही. मध्येच थांबले. "हातचा किती होता?" मी सांगितला. दोन ओळी पुढे गेले आणि पुन्हा, "हातचा किती म्हणालीस?" तेव्हा त्यांनी डोळे उघडले. आपला हात माझ्या हातावर ठेवून लिहिणं थांबवलं.

मला वाटलं रडतील. मीच रडायच्या बेतात होते. पण त्यांनी विचारलं, "कुणाकुणाला माहीत आहे?"

मला, म्हटलं. रखमाजींना थोडंफार. आणि गिरिधरला, दिवाळीपासून.

गिरिधर, मी अण्णांना इतकं संतापलेलं आयुष्यात पाहिलं नव्हतं. उठून उभे राहिले, मी धरायला गेले तर हात झटकला. "मी चुकलो याचा राग नाही मला! म्हातारा झालो, चुकणारच. म्हणून तर दुसरा माणूस बसवतात! अप्पारावाने माझ्या किती चुका तोंडावर काढल्या, आठ-आठ दिवस बोलत नव्हतो आम्ही, पण खोटं 'माझं चुकलं' म्हणून तो कधी उठला नाही. पडताळ्यात कुणी कुणाचं मन राखायचं नसतं. लोक आपल्या तारखेवर पोरी उजवून राह्यले, अन् हा माझं मन राखून राह्यला!"

शेजारची माणसं अंगणात आली.  सांगण्यासारखं सगळं त्यांनी ऐकलंच होतं.

दुपारी जेवले नाहीत. चार वाजता मला कागद घेऊन बसवलं आणि शुद्धिपत्र सांगितलं. पौषातली तिथी, माघ-फाल्गुनातल्या तिथी, चूक काय, बरोबर काय. खाली मजकूर: हा दोष गणितकर्त्याचा असून त्याबद्दल तो वाचकांचा अपराधी आहे. मी म्हटलं, छपाईतली चूक म्हणू या, काकासाहेबांची हरकत नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांचाच मजकूर उतरवला. त्यांनी सही केली. अक्षर अजून मोत्यासारखंच आहे. नव्या पंचांगावर गणितकर्ती म्हणून माझं नाव घालायला सांगितलं. मी नको-नको केलं नाही. हो म्हटलं.

काकासाहेबांनी शुद्धिपत्रं छापून दिली. गठ्ठा ओसरीवर आहे. मी पाकिटं आणि तिकिटं आणायला निघाले तर अण्णांनी थांबवलं. टपालाने जायची नाहीत, म्हणाले. हाताने पोचवायची. गिरिधरने.

तेव्हा रजा काढ आणि ये. कॉम्प्युटर बघायला नाही, त्याला तुझी गरज उरलेली नाही. आधी भोकरदनकडे रखमाजींकडे जायचं, त्यांना कौसल्याच्या लग्नाचा खरा दिवस सांगायचा. मग बदनापूर, परतूर, आणि ज्या ज्या गावी आपलं पंचांग जातं तिथे. दारात उभं राहून कागद हातात द्यायचा. लोक विचारतील की ही चूक झाली कशी. काय सांगायचं तेही अण्णांनी सांगून ठेवलं आहे, मी त्यांच्याच शब्दांत लिहिते: "वडलांचं गणित चुकलं, आणि मला ते माहीत होतं." यातला दुसरा भाग गाळायचा नाही.

अण्णांनी आशीर्वाद लिहायला सांगितले नाहीत. मी विचारलं होतं.

माझे आहेत.

ताई